दोन तलवारी आणि एक म्यान : राजा, पोप आणि कोकणपट्टी

मुंबईतील माहीमच्या सेंट मायकल चर्चची दारे १८५३ साली आतून बंद करण्यात आली. आत होते बिशप अनास्तासियस हार्टमन. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, कापुचिन संघाचे संन्यासी आणि पोपच्या वतीने मुंबईचा धार्मिक कारभार पाहणारे अधिकारी. बाहेर जमले होते त्याच चर्चचे लोक. त्याच धर्माचे, तीच प्रार्थना म्हणणारे आणि आपण पोपचे विरोधक नाही असे शपथेवर सांगणारे. त्यांची मागणी एवढीच होती की, हे चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत द्यावे. बिशप कित्येक दिवस आत कोंडून राहिले. अखेर इंग्रज सरकारला मध्ये पडून दार उघडवावे लागले आणि चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेले.

वरवर पाहता हे एका चर्चच्या किल्ल्यांचे भांडण होते. परंतु त्यामागे एक जुना आणि मोठा प्रश्न उभा होता : बिशप कोणी नेमायचा, राजाने की पोपने? युरोपात हा प्रश्न मध्ययुगात रक्त सांडून लढवला गेला. त्या लढतीतील सर्वांत गाजलेला सामना फ्रान्सचा राजा आणि रोमचा पोप यांच्यात झाला. त्याच सामन्याचे धागे पुढे वसई, साष्टी आणि मुंबईपर्यंत आले आणि युरोपात तो वाद इतिहासजमा झाल्यावरही कोकणपट्टीत तो शंभर-दीडशे वर्षे धुमसत राहिला.

फिलिप आणि बोनिफेस

फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याला इंग्लंडशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता आणि देशातील सर्वांत मोठी संपत्ती चर्चपाशी होती. त्याने पाद्री वर्गावर कर बसवला. पोप आठवा बोनिफेस याने १२९६ मध्ये आज्ञापत्र काढून बजावले की, पोपच्या संमतीवाचून कोणत्याही राजाला धर्मगुरूंकडून कर घेता येणार नाही. फिलिपचे उत्तर व्यवहारी होते. त्याने सोन्याचांदीची निर्यातच थांबवली. फ्रान्समधून रोमकडे जाणारा पैशाचा ओघ आटला आणि पोपला नमते घ्यावे लागले.

दुसरी फेरी १३०१ मध्ये सुरू झाली. पामिएचा बिशप बर्नार सेसे याला फिलिपने राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली. बिशपचा न्याय राजा करणार की पोप, हा प्रश्न आता उघडपणे पुढे आला. फिलिपने १३०२ मध्ये सरदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी यांची सभा पॅरिसमध्ये बोलावून देश आपल्या पाठीशी उभा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोनिफेसने ‘उनाम सांक्ताम’ हे प्रसिद्ध आज्ञापत्र काढले. जगात दोन तलवारी आहेत, एक धर्माची आणि एक राज्याची. दोन्ही चर्चच्या सत्तेत आहेत आणि राज्याची तलवार राजाने चर्चसाठी चालवायची आहे, असा त्यातला दावा होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपल्याकडे म्हणीत सांगितले जाते. बोनिफेसचे म्हणणे होते की राहतात, फक्त म्यान पोपच्या कमरेला हवे.

फिलिपने वादविवादात वेळ घालवला नाही. त्याचा मंत्री गियोम द नोगारे आणि पोपचा हाडवैरी स्कियारा कोलोन्ना यांनी ७ सप्टेंबर १३०३ रोजी अनान्यी गावात पोपच्या वाड्यावर हल्ला करून त्याला कैद केले. गावकऱ्यांनी काही दिवसांत त्याची सुटका केली, परंतु वृद्ध बोनिफेस त्या धक्क्यातून सावरला नाही. महिन्याभरात तो मरण पावला. १३०५ मध्ये बोर्दोचा फ्रेंच आर्चबिशप पाचवा क्लेमेंट या नावाने पोप झाला आणि १३०९ पासून पोपचा दरबार रोम सोडून ऱ्होन नदीकाठच्या आव्हिन्यों येथे भरू लागला. १३७७ पर्यंत तेथे जे सात पोप झाले ते सगळे फ्रेंच होते. त्यानंतर तर १३७८ ते १४१७ या काळात ख्रिस्ती जगाला एकाच वेळी दोन, आणि शेवटी शेवटी तीन पोप लाभले. कोणता देश कोणत्या पोपला मानतो हे त्याच्या शेजाऱ्याशी असलेल्या वैरावरून ठरू लागले.

आव्हिन्योंची दोन पत्रे

आव्हिन्योंच्या या फ्रेंच पोपांचा कोकणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे आणि दोन्ही वेळा पोप एकच आहे : बाविसावा जॉन.

पहिला संबंध ठाण्याचा. फ्रान्समधील सेवेराकचा जॉर्डन नावाचा डॉमिनिकन संन्यासी आणि चार फ्रान्सिस्कन १३२१ मध्ये ठाण्याच्या बंदरात उतरले. त्या वेळी ठाणे दिल्लीच्या सुलतानाच्या अमलात होते. जॉर्डन गुजरातच्या बाजूला गेला असताना मागे राहिलेल्या चौघांचा धर्मविषयक वाद शहराच्या काझीपर्यंत गेला आणि अधिकाऱ्यांच्या हुकमाने ते मारले गेले. जॉर्डनने परतून त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. याच जॉर्डनला बाविसाव्या जॉनने १३२९ मध्ये केरळातील कोल्लमचा बिशप नेमले. भारतातील हा पहिला लॅटिन धर्मप्रांत. त्याच्यावर सही झाली ती रोममध्ये नव्हे, तर आव्हिन्योंमध्ये. तो धर्मप्रांत फार काळ टिकला नाही, त्यामुळे या नेमणुकीला पुढे फारसे फळ आले नाही.

दुसरा संबंध मात्र सहाशे वर्षे टिकला. फिलिपने १३०७ मध्ये टेम्पलर या धनाढ्य लढाऊ संन्यासी संघाच्या फ्रान्समधील सर्व सदस्यांना एका दिवसात पकडले आणि त्याच्या दडपणाखाली पोप क्लेमेंटने १३१२ मध्ये हा संघ बरखास्त केला. फ्रान्समध्ये त्यांच्या पुढाऱ्यांना जाळण्यात आले. पोर्तुगालचा राजा दिनिश याने मात्र निराळी वाट धरली. आपल्या देशातील टेम्पलरांची मालमत्ता बाहेर जाऊ नये म्हणून त्याने नवा संघ स्थापण्याची परवानगी पोपकडे मागितली. बाविसाव्या जॉनने १३१९ मध्ये ती दिली आणि ‘ख्रिस्ताचा संघ’ जन्माला आला. त्याचा तांबडा क्रूस पुढे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला. पंधराव्या शतकात राजपुत्र हेन्री याने या संघाचा कारभार हाती घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याने मोहिमा धाडल्या आणि १४५६ मध्ये पोप तिसरा कॅलिक्स्टस याने समुद्रापारच्या नव्या मुलखातील सारा धार्मिक अधिकार याच संघाला बहाल केला. १५५१ पासून संघाचे प्रमुखपद पोर्तुगालच्या राजपदाशी कायमचे जोडले गेले. फ्रेंच राजाने पोपकडून जे बळाने घेतले, ते पोर्तुगीज राजाला पोपने स्वहस्ते लिहून दिले.

वतन

या हक्काला पोर्तुगीज भाषेत ‘पाद्रोआदो’ म्हणतात. मराठी वाचकाला त्याचे स्वरूप समजण्यासाठी ‘वतन’ हा शब्द पुरेसा आहे. वतनात सेवा असते आणि सेवेबद्दल हक्क असतो. चर्च बांधणे, धर्मगुरूंना पगार देणे, धर्मप्रसारासाठी माणसे व जहाजे पुरवणे ही राजाची सेवा. बिशपचे नाव सुचवणे, चर्चचा दशांश वसूल करणे आणि आपल्या मुलखात पोपचे आज्ञापत्र आपल्या संमतीनेच लागू होऊ देणे हे राजाचे हक्क. पोप दहावा लिओ याने १५१४ मध्ये हे अधिकार पोर्तुगालच्या राजाकडे पक्के केले. दोनच वर्षांनी, १५१६ मध्ये, त्याच लिओने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्याशी करार करून फ्रेंच बिशप नेमण्याचा राजाचा हक्क मान्य केला. म्हणजे बोनिफेसने जे नाकारले होते ते दोनशे वर्षांनी रोमने दोन्ही राजांना दिले. प्रोटेस्टंट बंडाच्या तोंडावर रोमला राजांची गरज होती.

गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये स्थापन झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. कागदावर गोव्याच्या बिशपचा अधिकार आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत होता. कोणत्याही राजाच्या राज्यापेक्षा मोठा. वसई, साष्टी, उरणजवळचे करंजा बेट आणि चौल-रेवदंडा येथे चर्चे व मठ उभे राहिले. या राजाश्रयाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. गोव्यात देवळे पाडण्यासाठी आणि १५६० पासून धर्मचौकशीचे न्यायालय चालवण्यासाठी लागणारे बळ याच राजसत्तेने पुरवले आणि ते तेथील हिंदू समाजाने सोसले.

वतनाची गोम अशी की, सेवा थांबली तरी वतनदार हक्क सोडत नाही. सतराव्या शतकात पोर्तुगालची ताकद ओसरली. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का आणि १६६३ मध्ये कोची घेतले. शिवाय १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाल्यावर स्पेनच्या दडपणामुळे रोमने नव्या पोर्तुगीज राजाच्या शिफारशी कित्येक वर्षे मान्य केल्या नाहीत, आणि गोव्याची आर्चबिशपची गादी वीस वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली. हक्क होता, माणसे नव्हती. रोमने याआधीच, १६२२ मध्ये, धर्मप्रसारासाठी आपले स्वतंत्र खाते उघडले होते. त्याचे लॅटिन नाव ‘प्रोपगांडा फिदे’. आज प्रचारकीसाठी जगभर रूढ असलेला ‘प्रोपगंडा’ हा शब्द या खात्याच्या नावावरूनच आला. हे खाते राजाला न विचारता ‘व्हिकर अपोस्टोलिक’ म्हणजे पोपचे थेट मुखत्यार नेमू लागले. त्यांना बिशपचा दर्जा असे. परंतु नावापुरता एखाद्या लुप्त प्राचीन नगराचा, म्हणजे राजाच्या वतनाला कागदावर धक्का नाही.

यांतला एक मुखत्यार आपल्याच मातीतला होता. तिसवाडीतील दिवाडी बेटावर जन्मलेल्या मातेउश द कास्त्रु यांना गोव्याच्या आर्चबिशपने गुरुदीक्षा नाकारली. ते मजल दरमजल करीत रोमला पोहोचले, तेथे शिकले, गुरुदीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाले. लॅटिन पंथातील ते पहिले भारतीय बिशप. रोमने त्यांना आदिलशाही मुलखासाठी आपला मुखत्यार नेमले. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना आयुष्यभर मानले नाही. त्यांनी आपले ठाणे गोव्याच्या सीमेबाहेर, आदिलशहाच्या ताब्यातील डिचोलीत मांडले. त्यांच्यानंतरही या मुखत्यारपदावर गोव्याचे धर्मगुरू आले. येथल्या माणसाला बिशप करण्याची तयारी त्या काळी पोपच्या खात्याने दाखवली, राजाच्या यंत्रणेने नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोनशे वर्षांनी नेमके उलट चित्र दिसणार होते.

इंग्रज पंच

पोर्तुगालच्या कॅथरीनच्या लग्नात मुंबई बेट १६६१ च्या तहाने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताब्यात गेले आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. तहात रोमन कॅथलिक रहिवाशांच्या उपासनेला अभय होते. त्यामुळे राज्य प्रोटेस्टंट इंग्रजांचे, प्रजा कॅथलिक आणि तिचे धर्मगुरू मात्र गोव्याच्या म्हणजे परक्या राजाच्या आज्ञेतले, असा पेच उभा राहिला. कान्होजी आंग्र्यांशी झुंजणारा गव्हर्नर चार्ल्स बून याला हा पेच पसंत नव्हता. पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंची निष्ठा खाडीपलीकडे आहे अशा संशयाने त्याने १७२० मध्ये त्यांना बेटाबाहेर घालवले आणि त्यांची चर्चे पोपच्या मुखत्याराकडे, म्हणजे कार्मेलाइट संन्याशांकडे सोपवली. पोपला न मानणाऱ्या सरकारने पोपची बाजू घेतली, कारण पोपपाशी आरमार नव्हते.

साष्टीचे चित्र निराळे. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या चर्चांतील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. त्यांतील एक भीमाशंकरला, दुसरी नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही दिसते. पोर्तुगीज सत्ता गेली तरी तेथील ख्रिस्ती समाज राहिला आणि गोव्याचाच अधिकार मानत राहिला. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली तेव्हा माहीमच्या खाडीच्या अलीकडे पोपचा मुखत्यार आणि पलीकडे, वांद्र्यापासून, राजाचा आर्चबिशप अशी सीमा पडली.

ती सीमाही फार दिवस राहिली नाही. पोर्तुगीज दरबाराने लंडनला तगादा लावला आणि १७८९ मध्ये कंपनीच्या संचालकांच्या हुकमाने मुंबईतली चर्चे पुन्हा गोव्याकडे गेली. १७९१ मध्ये ती पुन्हा कार्मेलाइटांकडे आली. शेवटी १७९४ मध्ये सरकारने सरळ वाटणी केली. माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्वासाव, ज्याला मुंबईकर आजही पोर्तुगीज चर्च म्हणतात, ही दोन गोव्याला. भुलेश्वरचे एस्पेरांसा आणि माहीमचे सेंट मायकल ही दोन पोपच्या मुखत्याराला. येथून ‘दुहेरी अखत्यार’ सुरू झाला. एकाच शहरात, कधी एकाच रस्त्यावर, दोन बिशपांची सत्ता.

या व्यवस्थेतील एक तत्त्व उल्लेखनीय आहे. वाद वाढला की सरकार शक्यतो चर्चच्या लोकांचा कौल कोणीकडे आहे हे पाहत असे. आठव्या बोनिफेसला किंवा चौथ्या फिलिपला असा कौल घ्यावा हे स्वप्नातही सुचले नसते. राजा श्रेष्ठ की पोप, हे ठरवण्याची पाळी माहीम-माझगावच्या सामान्य रहिवाशांवर आली. परिणाम काय झाला? भांडणे वाढली. चर्चच्या मालमत्तेचे विश्वस्त, सणांच्या मिरवणुका काढणारी मंडळे, दफनभूमीची किल्ली, शाळेचा मास्तर, सगळ्यालाच पक्ष आला.

फूट

पोर्तुगालमध्ये १८३० नंतर उदारमतवादी पक्षाने सत्ता घेतली, रोमशी संबंध तोडले आणि १८३४ मध्ये संन्यासी संघ बरखास्त करून त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या. ज्या राज्याने आपल्या घरचे मठ बंद केले ते भारतातील चर्चचे आश्रयदाते कसे, असा प्रश्न रोमने केला. पोप सोळावा ग्रेगरी याने २४ एप्रिल १८३८ रोजी ‘मुल्ता प्रेक्लारे’ हे आज्ञापत्र काढून कोची, क्रांगानोर आणि मैलापूर हे पाद्रोआदोचे धर्मप्रांत आपल्या मुखत्यारांकडे सोपवले. गोव्याच्या धर्मगुरूंनी हुकूम मानला नाही. राजाची संमती नसलेले आज्ञापत्र आमच्यावर बंधनकारक नाही, असे त्यांचे उत्तर होते. रोमने या प्रकाराला ‘गोव्याची फूट’ म्हटले. १८४३ मध्ये गोव्यासाठी नेमले गेलेले आर्चबिशप जुझे मारिया द सिल्व्हा तोरिश यांनी मोठ्या संख्येने नव्या धर्मगुरूंना दीक्षा देऊन ते वादग्रस्त मुलखांत पाठवले. शेवटी रोमच्या आग्रहावरून त्यांना परत बोलावले गेले. १८५३ मध्ये मकावच्या पोर्तुगीज बिशपने मुंबईत येऊन धार्मिक विधी केले तेव्हा पोप नववा पायस याने खरमरीत पत्र लिहून गोव्याच्या चार पाद्रींना नावानिशी दटावले. माहीमचा वेढा त्याच वर्षीचा.

सामान्य माणसाच्या दृष्टीने हा शब्दांचा खेळ नव्हता. ज्या धर्मगुरूला रोम बंडखोर म्हणते त्याने लावलेले लग्न खरे की खोटे? त्याने दिलेली पापमुक्ती देवाघरी चालेल काय? एका घरात सासर गोव्याच्या पक्षाचे आणि माहेर प्रोपगांडाचे असेल तर बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये? वांद्र्यात सेंट अँड्र्यूज गोव्याच्या बाजूचे, तर त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर जेझुइटांचे सेंट पीटर्स पोपच्या बाजूचे. एकाच गावातले लोक रविवारी दोन दिशांना जात.

येथे मातेउश द कास्त्रु यांची आठवण ठेवणे आवश्यक आहे. सतराव्या शतकात देशी धर्मगुरूचा कैवार पोपच्या खात्याने घेतला होता. एकोणिसाव्या शतकात पोपचे मुखत्यार आयरिश, इटालियन, स्विस किंवा जर्मन असत आणि पाद्रोआदोचे धर्मगुरू बहुतेक सगळे गोव्याचे, आपली भाषा बोलणारे. म्हणून पोर्तुगीज राजाच्या हक्कासाठी जे भांडले ते सगळे लिस्बनचे भक्त होते असे समजणे चूक ठरेल. ‘राजाचा हक्क’ या शब्दांच्या आड ‘आमचा धर्मगुरू आमच्यातला असावा’ ही साधी मागणी पुष्कळदा दडलेली होती. दुसरीकडे, पोपच्या पक्षाचे कार्यही नाकारता येत नाही. हार्टमन यांनी १८५० मध्ये सुरू केलेले साप्ताहिक ‘एक्झामिनर’ या नावाने पुढे चालत राहिले आणि त्यांच्या मागून आलेल्या जर्मन जेझुइटांनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज उभारले. स्पर्धेने भांडणे वाढवली तशा शाळाही वाढवल्या.

तडजोडी

१८५७ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, पण तो अंमलात येता येता रखडला. दुसरा करार २३ जून १८८६ चा. त्याने गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेकडील प्रदेशांचा पॅट्रिआर्क’ हा मोठा किताब मिळाला, साष्टी-वसई आणि मुंबईतील गोव्याकडची चर्चे यांच्यासाठी दमण हा वेगळा धर्मप्रांत झाला आणि मुंबईला रोमच्या बाजूचा स्वतंत्र आर्चबिशप मिळाला. दुहेरी अखत्यार मिटला नाही. उलट त्याला कायदेशीर रूप आले. आणखी गंमत म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपची गादी रिकामी झाली की तीन नावांची यादी पोर्तुगालच्या राजाकडे जायची आणि तो त्यांतून एक निवडून पोपला कळवायचा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील सर्वांत गजबजलेल्या बंदराचा आर्चबिशप लिस्बनमध्ये निवडला जात होता.

या कराराने सर्वांत दुखावले ते पाद्रोआदोचे एकनिष्ठ. श्रीलंकेतील त्यांची चर्चे सरळ रोमकडे गेली. तेथील नाराज लोकांनी गोव्यातील वेर्णे गावचे धर्मगुरू आंतोनियु फ्रान्सिश्कु शाव्हियर आल्वारिश यांना आपला नेता मानले. रोमशी फारकत घेऊन त्यांनी १८८९ मध्ये केरळातील कोट्टयम येथे सीरियन परंपरेच्या बिशपांकडून बिशपपदाची दीक्षा घेतली. राजाच्या हक्कासाठी निघालेला माणूस शेवटी राजा आणि पोप या दोघांच्याही कक्षेबाहेर गेला. पुढे गोव्यात गोरगरीब आणि साथीच्या रुग्णांची सेवा करीत त्यांनी आयुष्य काढले आणि १९२३ मध्ये रायबंदर येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत याच सुमारास साष्टी-वसईच्या मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी, ज्यांना तोवर सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हटले जाई, १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन आपली संस्था स्थापली. गोव्याहून आलेल्यांपासून आपण वेगळे आहोत हे सांगण्याची त्यांना गरज वाटली, यात नोकऱ्यांच्या स्पर्धेचा वाटा मोठा होता.

पोर्तुगालमध्ये १९१० मध्ये राजेशाही संपली. नव्या प्रजासत्ताकाने १९११ मध्ये राज्य आणि चर्च यांची फारकत करणारा कायदा केला. तरीही भारतातील बिशप सुचवण्याचा हक्क त्याने सोडला नाही. देवाशी संबंध तोडलेल्या सरकारला देवाच्या दूरच्या नोकरांची नेमणूक मात्र हवी होती! यावरून कळते की, हा हक्क शेवटी धर्माचा नव्हे, तर प्रतिष्ठेचा उरला होता.

१५ एप्रिल १९२८ च्या कराराने दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन झाला आणि मुंबईतला दुहेरी अखत्यार संपला. किंमत अशी ठरली की, मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. भारतीय असावा असे कोणालाच सुचले नाही. त्याप्रमाणे प्रथम पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा आणि १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले. करारानुसार पुढची पाळी पुन्हा पोर्तुगीजांची होती. रॉबर्ट्स यांना हे अमान्य होते. १९४६ मध्ये वॅलेरियन ग्रेशियस हे त्यांचे सहायक बिशप झाल्यावर रोजचा कारभार त्यांच्यावर सोपवून रॉबर्ट्स स्वतः मुंबईपासून दूर राहिले आणि वाटाघाटींना वाट करून दिली. स्वतंत्र भारताच्या सरकारलाही परक्या राज्याचा हा हक्क रुचणारा नव्हता. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने आपल्या वसाहतींबाहेरच्या भारतातील हक्क सोडला. त्याच वर्षी ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि जानेवारी १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. त्या सप्टेंबरमध्ये बेळगावचा धर्मप्रांत स्थापन होऊन गोव्याच्या आर्चबिशपचा भारतीय मुलखातील अखत्यारही आटोपला.

ज्या रेषांवरून पिढ्यान् पिढ्या वाद झाला त्या आता नकाशावरही शोधाव्या लागतात. मुंबईच्या आर्चबिशपकडे आज माहीम आणि वांद्रे तर आहेतच, शिवाय ठाण्याकडचा भाग आणि पनवेल, विचुंबे, उरण यांसह रायगड जिल्हाही आहे. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला. गोव्यात शेवटचा अंक १९६१ च्या मुक्तीनंतर उरकला. तेथील अखेरचे पोर्तुगीज आर्चबिशप जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाश १९६२ मध्ये गोवा सोडून गेले, परंतु पदाचा राजीनामा त्यांनी १९७५ मध्ये दिला. तोवर गादी कागदोपत्री त्यांचीच होती. १९७८ मध्ये रावल गोन्साल्विस आर्चबिशप झाले. राजाचा हक्क गेला. १८८६ च्या तडजोडीत मिळालेला ‘पॅट्रिआर्क’ हा किताब मात्र गोव्याचे आर्चबिशप अजूनही लावतात.